तेल नको, आधी तपासणी

प्रश्न : वय ५१. दिवसभर खुर्चीतलं काम, रोज आठ सिगारेटी. वर्षभरापासून लिंगाची ताठरता टिकत नाही. रक्ताभिसरण वाढवणारं एखादं तेल सुचवाल का?

उत्तर : तेल राहू द्या, चोळून रोहिणी (रक्त पोचवणारी वाहिनी) उघडत नाही, खिसा तेवढा हलका होतो. लिंगाच्या रोहिण्या जेमतेम १-२ मिलिमीटरच्या, हृदयाच्या ३-४. त्यामुळे गाळ साचू लागला की बोंब बहुधा आधी इथे होते, छातीत नंतर. म्हणून रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तपासून घ्याच. सिगारेट बंद. कमी नव्हे, बंद. आठवड्याला १५० मिनिटं चाला. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतकं भरभर. ताठरतेची गोळी डॉक्टरांना विचारूनच, कारण छातीदुखीवर नायट्रेट गटातलं औषध चालू असेल तर ती जिवावर बेतू शकते. आणि पहाटे ताठरता येते का, हे तुम्ही लिहिलंच नाहीत! डॉक्टरांना न लाजता सांगा.