युक्रेनियन शिकताना रशियनचा आधार किती घ्यावा?

प्रश्न : मला रशियन लिपी वाचता येते. युक्रेनियन ही रशियनचीच बोली म्हणतात. मग तेवढ्यावर ती जमेल का?

उत्तर : बोली नव्हे, स्वतंत्र भाषा. रशियन आणि बेलारूसीबरोबर ती पूर्व स्लाव्ह गटात मोडते. शब्दसंग्रहाने बेलारूसीच्या सर्वांत जवळ, आणि पोलिशमधूनही तिने पुष्कळ घेतलं आहे. 'बोली' हा समज मुद्दाम रुजवला गेला. रशियन साम्राज्याने १८६३ मध्ये तिच्यातली धार्मिक आणि शालेय पुस्तकं रोखली, १८७६ मध्ये बंदी आणखी कडक केली.

लिपी ओळखीची असणं उपयोगाचं आहे, पण चुका तिथेच होतात. दोन्ही वर्णमालांत ३३ अक्षरं, तरी संच वेगळा. रशियनमध्ये 'ग' वाचता ते अक्षर इथे 'ह' आहे, थेट आपल्या मराठी 'ह'सारखं घोष. म्हणून युक्रेनमधल्या शहराचं नाव लुगान्स्क नव्हे, लुहान्स्क. 'ग'साठी वर शेंडी असलेलं वेगळं अक्षर आहे. सोव्हिएत राजवटीने १९३३ मध्ये ते वगळलं, १९९० मध्ये ते परत आलं. रशियन 'इ'चं अक्षर इथे इ आणि ए यांच्या मधला स्वर दाखवतं. स्वच्छ 'इ'साठी टिंब असलेली उभी रेघ. आघात (उच्चारातला जोर) नसलेला 'ओ' ओच राहतो : दूध म्हणजे 'मोलोको', 'मलाको' नव्हे. शब्दाच्या शेवटी रशियनसारखा 'ब'चा 'प' करू नका. आणि 'नेदिल्या' म्हणजे रविवार. रशियन सवयीने 'आठवडा' समजलात तर भेटीची वेळ चुकेल.

प्रश्न : मराठी माणसाला उच्चारात काय जड जातं?

उत्तर : 'चाक'मधला च आणि 'जवळ'मधला ज तिथेही आहेत, ही मोठी सोय. जड जातो तो जीभ न टेकवता काढायचा, नुसता घर्षणाचा 'ज़'. तो 'जवळ'च्या ज-सारखा काढला तर दोन वेगळे ध्वनी एक होतात. आघाताची जागा लिहीत नाहीत, त्यामुळे शब्दाबरोबरच ती पाठ करा : 'ज़ामोक' पहिल्या स्वरावर जोर दिला तर किल्ला, दुसऱ्यावर दिला तर कुलूप.

प्रश्न : हाक मारताना नाव का बदलतं?

उत्तर : सात विभक्तींपैकी संबोधन इथे रोजच्या वापरात आहे. इवान 'इवाने' होतो, ओलेना 'ओलेनो', आंद्रिय 'आंद्रियु'. डॉक्टरांना 'पाने लिकार्यु' (डॉक्टरसाहेब) म्हणावं. अनोळखी आणि वडीलधाऱ्यांना 'वि' (तुम्ही), घरच्यांना 'ति' (तू).

फोनवर युक्रेनियन कीबोर्ड वेगळा घ्या. रशियन कीबोर्डवर चार अक्षरं मिळणारच नाहीत.