निंबोणी म्हणजे लिंबाचं झाड, पण कुठल्या लिंबाचं?

प्रश्न असा आला आहे: ‘चांदोबा चांदोबा भागलास का, निंबोणीच्या झाडामागे लपलास का’ यातली निंबोणी म्हणजे काय? विचारणाऱ्या ताईंनी लेकीला ‘लिंबाचं झाड’ असं सांगितलं. सासूबाईही ‘लिंबाचंच’ म्हणाल्या. तरी दोघींचं जुळेना, कारण ताईंच्या मनात पाडव्याचा कडू पाला होता आणि सासूबाईंच्या मनात सरबत.

भांडणाचं मूळ इथंच आहे. लिंब (कडुनिंब) आणि लिंबू हे दोन शब्द प्रत्यय लागला की एकसारखे होतात. लिंबाचा पार म्हटलं की गावातला कडुनिंब, लिंबाचं लोणचं म्हटलं की बरणी. नुसतं ‘लिंबाचं झाड’ म्हटलं तर बोलणारा कोण, कुठल्या गावचा, यावर अर्थ ठरतो.

न आणि ल यांनी गोंधळात भर घातली आहे. ही अक्षरं मराठीत सर्रास जागा बदलतात. संस्कृत नवनीताचं आपण लोणी केलं आणि उलट दिशेनं लांगलाचा नांगर. तसंच निंबाचं लिंब. म्हणून निंबोणी आणि लिंबोणी हा वाद घालण्यात अर्थ नाही, शब्द एकच आहे. सुरुवातीच्या ‘न’वरून कडुनिंब ठरवू नये.

ठरवायचं तर शेपटाकडे बघावं. कडुनिंबात आधी झाड आणि मग फळ. झाड तो लिंब, त्याचं बारकं फळ ती निंबोळी किंवा लिंबोळी (शेतात घालतात ती निंबोळी पेंड हीच). सरबताच्या लिंबाच्या बाबतीत उलटं आहे. आधी फळ लिंबू, आणि त्यावरून झाडाचं नाव लिंबोणी. फळावरून झाडाला स्त्रीलिंगी नाव देणं ही आपली जुनी खोड: आवळा–आवळी, करवंद–करवंदी, बोर–बोरी. श्रीगोंद्याकडचा शेतकरी ‘लिंबोणीची बाग’ म्हणतो तेव्हा कडुनिंबाची बाग कुणाच्या स्वप्नातही येत नाही. निंबोळीलाच निंबोणी म्हणणारेही मला भेटले आहेत. णी आणि ळी कानाला जवळच्या, त्यामुळे ते चुकतात असं म्हणवत नाही. पण माझं मत सासूबाईंच्या बाजूनं.

गाण्यातली पुढची ओळ बघा: ‘निंबोणीचं झाड करवंदी, मामाचा वाडा चिरेबंदी’. आता ‘चिरेबंदी’ला यमक हवं म्हणून करवंदी आली असेल, हे मान्य. तरी ती उगाच वाटत नाही. करवंदीची जाळी कशी असते? बुटकी, दाट, काटेरी. लिंबोणीही तशीच. दांडगा सरळसोट कडुनिंब कुठल्याही कोनातून करवंदीसारखा दिसत नाही.

शिवाय लपायचंय चंद्राला. नुकता उगवलेला चंद्र, आणि कडेवर पोर घेऊन मागच्या दाराशी उभी असलेली बाई. परसात न्हाणीचं पाणी जातं तिथं लावलेली लिंबोणी, फार तर दीड-दोन पुरुष उंच, फांद्या पार खालपर्यंत. चंद्र तिच्याआड गेला की दिसत नाही. पोराला दोन पावलं डावीकडे नेलं की सापडतो. हा खेळ कडुनिंबापाशी तितका रंगत नाही, त्याच्या झिरझिरीत पानांतून चंद्र अर्धामुर्धा दिसतच राहतो.

पुढे ‘बाळा गाऊ कशी अंगाई’ (१९७७) या चित्रपटासाठी मधुसूदन कालेलकरांनी हेच झाड उचललं. सुमन कल्याणपूरांच्या आवाजातल्या त्या अंगाईत चंद्र लपत नाही, झोपून जातो. जागं असतं ते पाडस. झाड तेच, काम बदललं.

कवितेत झाडाचं लिंगही काम करतं बरं का. बाभूळ म्हटलं असतं तर ‘ती’ झाली असती. वसंत बापटांनी ‘बाभुळझाड’ म्हटलं, आणि ते ‘उभेच आहे’. आपल्या गाण्यातही ‘निंबोणीमागे’ नाही, ‘निंबोणीच्या झाडामागे’ आहे, पण इथं कारण साधं असावं: ठेका.

खरी गंमत चित्रकारांची. शब्दाला दोन्ही अर्थ खांद्यावर घेऊन चालता येतं, चित्राला नाही. आमच्या घरातल्या एका पुस्तकात चंद्रापुढे संत्र्याएवढी पिवळी लिंबं लटकली आहेत. दुसऱ्यात चक्क पार बांधलेला कडुनिंब, खाली म्हातारा बसलेला. आणि नातीच्या मोबाइलवरच्या व्हिडिओत तपकिरी खांबावर ढगासारखा हिरवा गोळा, त्यात लाल फळं. मी तिला विचारलं, हे कसलं झाड? ती म्हणाली, ‘आजोबा, सफरचंदाचं. निंबोणी त्याच्यामागे असेल.’