पग खूप धापा टाकतोय, ऊन लागलंय हे कसं ओळखावं?

नागपूरच्या मे महिन्यात पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्याची धाप हलक्यात घेऊ नका. ओठ उचलून हिरड्या बघा. लालभडक असतील, लाळ चिकट झाली असेल, चालताना तोल जात असेल तर ऊन लागलंय असंच समजा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, १०४ च्या वर धोका. लगेच सावलीत घ्या, अंगभर पाणी ओता, पंखा लावा. गच्चीवरच्या टाकीचं पाणी तापलेलं असतं, त्यात माठातलं मिसळा. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, उष्णता आतच कोंडते. तापमान उतरून १०३ वर आलं की पाणी ओतणं थांबवा. तो सावरला तरी डॉक्टरांकडे न्याच, मूत्रपिंडाची इजा नंतर उघड होते. यापुढे फिरवणं पहाटेच, आणि बंद गाडीत पाच मिनिटंही ठेवू नका.