आधी तिची झोप बघा

तुमची लेक नुकतीच तेराची झालीय, म्हणून सांगते: सुरुवात झोपेपासून करा. या वयात रोज ८ ते १० तास झोप लागते आणि नेमकं याच वयात मेलाटोनिन हे झोप आणणारं संप्रेरक रात्री उशिरा स्रवू लागतं. अकरा वाजले तरी तिचे डोळे टक्क उघडे असतात, तो हट्ट नव्हे. त्यावरून रागावू नका. फोन मात्र रात्री खोलीबाहेर चार्जिंगला लावा, तुमचासुद्धा.

पाळी सुरू झाल्यावर सतत थकवा किंवा धाप दिसली, तर 'आळशी' म्हणण्याआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या. रोज तासभर हालचाल हवीच, खेळ तिच्या आवडीचा. वजनावर शेरे घरात कुणीच मारायचे नाहीत, कौतुकानेही नाही. याबाबत मी फार कडक आहे.

समोर बसवून विचारलं की मुलं गप्प होतात. भांडी पुसताना, शेजारी शेजारी चालताना आपसूक बोलतात. तेव्हा उपाय सुचवू नका, नुसतं ऐका. उदासी दोन आठवडे टिकली, खाणं बिघडलं, तर डॉक्टरांना गाठा. जिवाचं बरंवाईट करण्याची भाषा आली तर त्याच दिवशी, आणि तिला थेट विचारा. विचारल्याने तो विचार मनात भरत नाही.