सोलापूरच्या उन्हाळ्यात घरी चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा असेल तर सुट्टी मजेत कशी घालवावी?

माझा लेक यंदा नववीत गेलाय, म्हणून अनुभवाचं सांगते. मे महिन्यात आपल्याकडे पारा 42-43 च्या घरात, त्यामुळे दुपारी बाहेर जायचं डोक्यातूनच काढून टाका. सकाळी सहाला निघा. आम्ही सिद्धेश्वर तलावाकडे फेरी मारतो. शेजारी चालताना ही मुलं मनातलं बोलतात, समोर बसवून विचारलं की गप्प होतात. एकदा डॉ. कोटणीसांच्या स्मारकात जरूर न्या. 1938 मध्ये जखमी सैनिकांवर उपचार करायला चीनला गेलेला डॉक्टर आपल्या सोलापूरचा, हे कळल्यावर माझा लेक तिथून लवकर हलेना.

दुपारी शेंगाची चटणी त्याच्याकडून खलबत्त्यात कुटून घेते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ. दाण्यांना तेल सुटून चटणी बत्त्याला चिकटायला लागली, की कडक भाकरीचा तुकडा मोडून हा चव बघायला हजर! मोबाईल तेवढा वेळ आपोआप बाजूला राहतो.

रोज मात्र पहाटे उठवू नका, या वयात झोप जास्त लागतेच. आठवड्यातून तीन दिवस पुरे. आणि एक दिवस नळदुर्गचा किल्ला. एसटीची वेळ, डबा, पाणी, सगळं त्यालाच ठरवू द्या.