एफएम रेडिओत प्रांतावरून टोपणनावं पाडतात, ते हसण्यावारी न्यावं की बोलावं?

बोला. आणि पहिला प्रोमो रेकॉर्ड व्हायच्या आत बोला.

तुम्ही लिहिलंय की वडील बिहारहून आले, तुमचा जन्म-शाळा सगळं नाशिकचं, तरी स्टेशनात सगळे 'भैया'च म्हणतात. आता पीडींना, म्हणजे प्रोग्रॅम डायरेक्टरना, शोमध्येही तेच नाव हवंय, आणि 'अहो, इथे सगळ्यांनाच अशी नावं असतात' म्हणून ते तुमची समजूत काढतायत. मी खासगी एफएममध्ये बरीच वर्षं कॉपी लिहिली, प्रोडक्शन केलं. नावं सगळ्यांना पडतात हे खरंच आहे. कुणी लंबू असतो, कुणी लेट लतीफ. पण प्रांताचं नाव पडतं ते बहुतेक वेळा त्या खोलीत एकट्या पडलेल्या माणसाला. सगळे मराठी असलेल्या स्टेशनात कुणाला 'मराठी' म्हणून हाक मारत नाहीत. त्यातलाच एखादा मुंबईच्या हिंदी स्टेशनात गेला की दुसऱ्या दिवशी 'घाटी' होतो, आणि तेव्हा मात्र त्याला ते बरोबर झोंबतं.

दुसऱ्या ऑफिसात आणि रेडिओत एक मोठा फरक आहे. इथे गप्प बसता येत नाही. दोन-तीन सेकंद आवाज गेला की डेड एअर, सगळे काचेपलीकडून हातवारे करायला लागतात. त्यामुळे लिंकमध्ये, म्हणजे दोन गाण्यांमधल्या बोलण्यात, कुणी तुमच्या नावावर कोटी केली की ती भरून काढायला हसू लागतं, आणि ते तुमच्याकडूनच मागितलं जातं. ऐकणाऱ्याला तुमचा चेहरा दिसत नाही. तुम्ही हसलात म्हणजे तुम्हाला चालतंय, एवढंच त्याला कळतं. पुढे ते हसू कापून प्रोमोत लागतं.

आमच्याकडे ईशान्येकडची एक मुलगी म्युझिक शेड्यूलिंग बघायची. तिला काय म्हणत असतील ते सांगायला नको. एकदा मॉर्निंग शोवाल्याने तिला कशासाठी तरी स्टुडिओत बोलावलं आणि अचानक तिचा माइक उघडून त्याच नावाने हाक मारली. ती काहीच बोलली नाही. हसली नाही, रागावलीही नाही. त्याने एक वाक्य टाकलं, दुसरं टाकलं, मग हशाचा इफेक्ट वाजवला आणि घाईघाईने गाण्यावर गेला. बाहेर आल्यावर तिने पीडीला शांतपणे सांगितलं, माझ्या नावाने बोलवा, नाहीतर माइकवर बोलवू नका. नंतर ऑन एअर ते नाव कुणी घेतलं नाही. पँट्रीत चालूच राहिलं, हेही सांगायला हवं.

हे आपल्याकडचंच आहे असं नाही. न्यूयॉर्कच्या हॉट ९७ या स्टेशनने जानेवारी २००५मध्ये, त्सुनामीला महिनाही झालेला नसताना, बुडालेल्या माणसांची थट्टा करणारं, वांशिक शिव्यांचं एक विडंबनगीत सकाळच्या शोमध्ये वाजवलं. त्याच शोमध्ये मिस इन्फो नावाने काम करणारी मिन्या ओह ही कोरियन वंशाची सहकारी होती. तिने तिथेच, ऑन एअर, हे मला पटत नाही असं सांगितलं. यावर मुख्य निवेदिकेने काय ऐकवावं? तू आशियाई म्हणून स्वतःला वरचढ समजतेस. म्हणजे इतरांच्या हसण्यात सामील झाली नाही, तर लगेच तिची जात काढली. श्रोते खवळले, जाहिरातदार निघून जायला लागले, तेव्हा कुठे शोमधल्या दुसऱ्या दोन सहकाऱ्यांची नोकरी गेली आणि निवेदिकेला काही दिवस घरी बसवलं. जाहिराती गेल्याशिवाय व्यवस्थापनाला ऐकू येत नाही, हे मात्र सगळीकडे सारखंच.

भारतातलं उदाहरण २००७चं. दार्जिलिंगचा प्रशांत तमांग, कोलकाता पोलिसातला शिपाई, इंडियन आयडॉल जिंकला. दिल्लीत रेड एफएमच्या आरजेने गंमत केली की गुरखेच आता गायला लागले तर राखण कोण करणार. स्टुडिओत ही गंमत नवी नव्हती, 'बहादूर' नावाचा वॉचमन स्पार्कलरमध्ये, म्हणजे मधेमधे वाजणाऱ्या छोट्या रेकॉर्डेड विनोदात, किती स्टेशनांनी वापरला असेल, मोजदाद नाही. पण या वेळी ती बाहेर पोचली. सिलिगुडीत निषेधाचा मोर्चा निघाला, हाणामारी झाली, संचारबंदी लागली, लष्कर बोलवावं लागलं.

कायद्याचं म्हणाल तर फार आशा धरू नका. खासगी नोकरीत प्रांतावरून हिणवलं म्हणून थेट दाद मागता येईल असा सर्वसाधारण कायदा आपल्याकडे नाही. अनुसूचित जाती-जमातींसाठी ॲट्रॉसिटी कायदा आहे, तो वेगळा. निडो तानिया या अरुणाचलच्या विद्यार्थ्याचा दिल्लीत मारहाणीनंतर मृत्यू झाला, त्यानंतर २०१४मध्ये बेझबरुआ समितीने वांशिक शेरेबाजीसाठी स्वतंत्र कलमं सुचवली होती. पण तुमच्या हातात एक गोष्ट आहे. खासगी एफएमला परवानगी देताना आकाशवाणीची कार्यक्रम संहिता पाळायची अट घातलेली असते, आणि त्या संहितेत समाजांवर शेरेबाजी बसत नाही. तुमच्या पीडींना हे माहीत असतं. 'मला वाईट वाटतं'पेक्षा 'हे संहितेत बसेल का, एकदा लीगलला विचारूया का?' हे वाक्य मीटिंगमध्ये जास्त चालतं.

आता नावाचं. ऑन एअर नाव ही साधी गोष्ट नाही. बऱ्याच करारांत शोचं नाव, कॅरेक्टर, त्याचे प्रोमो, सगळं स्टेशनच्या मालकीचं असतं. उद्या 'आरजे भैया' चाललं तर स्वीपरमध्ये (स्टेशनच्या नावाच्या छोट्या रेकॉर्डिंगमध्ये), होर्डिंगवर, मॉलमधून होणाऱ्या ओबीत (स्टुडिओबाहेरच्या प्रक्षेपणात) तेच. कॉपीरायटर तुमच्यासाठी पाणीपुरी आणि छठपूजेवरच्याच लिंका लिहील, कारण कॅरेक्टर तेच मागतं. नाशिकच्या पावसावर, मिसळीवर, गोदाकाठावर बोलायला तुमच्याहून नवखा कुणीतरी बसेल. आणि स्टेशन सोडलंत तर नाव तिथेच राहील, शिक्का तुमच्याबरोबर येईल. हां, हे कॅरेक्टर तुम्हालाच हवं असेल, लिहिणारही तुम्हीच असाल, तर माझा आक्षेप नाही. तुमच्या प्रश्नावरून तसं वाटलं नाही.

पीडींशी एकट्याने बोला, टीमसमोर नको. 'नको' एवढंच घेऊन जाऊ नका, दोन पर्यायी नावं आणि त्या नावाने कापलेला छोटा डेमो घेऊन जा. प्रोग्रामिंगच्या माणसाला रिकामी जागा दिसली की तो जुनं नाव भरतो, तयार ऑडिओ दिसला तर तो ऐकतो. बोलणं झाल्यावर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका: 'ठरल्याप्रमाणे ऑन एअर नाव अमुक. भैया हे नाव प्रोमो, स्पार्कलर आणि सोशल मीडियावर वापरू नये.' मेलला उत्तर आलं नाही तरी चालेल, तारीख राहते.

ऑफिसातल्या हाकेसाठी मेल नको. जो सगळ्यात जास्त म्हणतो त्याला चहाला नेऊन सांगा, बाकीचे त्याचंच बघून म्हणत असतात. आणि तोवर कुणी लिंकमध्ये ओढलंच, तर हसू नका, सरळ पुढचं गाणं अनाउन्स करा.