प्लास्मॉनिक नॅनोलेझरने, म्हणजे धातूच्या पृष्ठभागाशी प्रकाश कोंडणाऱ्या इवल्याशा लेझरने, एकच रेणू खरंच टिपता येतो का? आणि मराठवाड्यात राहून यावर पीएचडी होईल का?

होईल. कुणी नाही म्हणालं तर ऐकू नका. मलाही तेच ऐकवलं होतं, म्हणून हे लिहितोय.

उदगीरहून रात्रभर एसटीने जाऊन मी एका मोठ्या विद्यापीठात मुलाखत दिली. विषय सांगताच समितीतले एक सर म्हणाले, "धातू प्रकाश खातो, एवढं बीएस्सीला शिकवलं नाही का? त्याचा लेझर कसला करता?" मी फळ्यापाशी गेलो. धातूत ऊर्जा गळते, मान्य. पण गळक्या हौदात गळतीपेक्षा जास्त पाणी सोडलं तर पातळी चढतेच. इथे ते काम धातूला खेटून असलेलं रंगद्रव्य किंवा अर्धवाहक करतो. बर्गमन आणि स्टॉकमन यांनी 2003 मध्ये ही कल्पना मांडली. 2009 मध्ये नोगिनोव्ह यांच्या गटाने 44 नॅनोमीटरच्या कणांतून लेझर काढला : आत सोन्याचा गाभा, भोवती रंगद्रव्य भरलेलं सिलिकाचं कवच. माझं एवढं बोलून होईतो सरांनी पुढचं नाव पुकारलं होतं. "तिकडची पोरं नेटवर वाचून येतात," हे दारातून निघताना ऐकलं.

संवेदनाचं, म्हणजे रेणू टिपण्याचं, सगळं मर्म त्या गळतीवर मात करण्यातच आहे. नुसत्या सोन्याच्या कणाचा अनुनाद, म्हणजे तो ज्या रंगाच्या प्रकाशाला सगळ्यात जास्त प्रतिसाद देतो ते शिखर, पसरट असतो; रेणू चिकटून शिखर किंचित सरकलं तर कळतही नाही. लेझिंग, म्हणजे लेझरचा प्रकाश निघणं, सुरू झालं की त्या प्रकाशाच्या रंगाची रेषा बारीक होते आणि तेवढंच सरकणं दिसू लागतं. शिवाय प्रकाश इवल्याशा जागेत कोंडलेला असल्याने रेणूचा परिणाम मोठा होतो. तरी टिपायचा कण व्यासाने दहापट लहान झाला की संकेत हजारपट घटतो. म्हणून 100 नॅनोमीटरचा विषाणू त्यामानाने सोपा, प्रथिनाचा एकटा रेणू महाकठीण.

2014 मध्ये बर्कलीच्या गटाने चांदीवर कॅडमियम सल्फाइडचा पातळ तुकडा ठेवून स्फोटकांची वाफ अब्जात एखादा भाग इतकी कमी असतानाही टिपली. त्याच वर्षी जर्मनीत फोल्मर यांच्या गटाने डीएनएचे एकेक रेणू पाहिले, पण ते काचेच्या गोळीवर चिकटवलेल्या सोन्याच्या कांडीने. तिथे सोन्याच्या कांडीतून लेझिंग होत नव्हतं. त्यामुळे "नॅनोलेझरने एक रेणू" असा दावा दिसला की तो मोजून केलाय की गणिताने, हे आधी बघा.

माझा प्रबंध शेवटी मराठवाड्यातच झाला, बराचसा संगणकावरच्या आकडेमोडीवर. मुलाखतीला जाल तेव्हा गळतीचं गणित पाठ ठेवा आणि फळा मागून घ्या. गावाचं नाव ऐकून चेहरा बदलणारा मार्गदर्शक असेल तर तिथे नावच नोंदवू नका.

आता अडचणी. चांदी गंधकाने काळी पडते, रंगद्रव्य त्याला ऊर्जा पुरवणाऱ्या पंप लेझरखाली विरतं, आणि नमुन्यातलं भलतंच काही चिकटलं तरी रेषा सरकते. कुठला रेणू बसला हे लेझर सांगत नाही. ती निवड पृष्ठभागावर लावलेली अँटिबॉडी, म्हणजे ठरावीक रेणूलाच धरणारं प्रथिन, करते. आणि पंप लेझर काही नॅनो नसतो, आख्खं टेबल अडवतो. तो त्या विभागात आहे का आणि चालू आहे का, हे अर्ज भरण्याआधी विचारा.